इशारा दिला होता

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारच्या पाण्याची भाषा समजावून सांगावी लागत नाही. अधूनमधून महापालिकेचं निवेदन पेपरात येतं आणि तिथून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उतरतं. अमुक जलकेंद्रात देखभाल-दुरुस्तीचं काम असल्याने गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. खाली बंद राहणाऱ्या भागांची लांबलचक यादी. आपण यादीत आपला भाग शोधतो, सापडला की बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवतो. ग्रुपवर दोन जण टँकरवरून भांडतात. संपलं.

गद्य म्हणून या निवेदनाकडे कुणी बघत नाही, पण मला ते फार पक्कं गद्य वाटतं. काय बंद होणार, कधी, कुणासाठी आणि परत सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी काय हाल असतील, हे सगळं त्यात असतं. ‘कमी दाबाने’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा विचार केलेला असतो. आणि भागांची यादी नसती तर उरलेलं निवेदन कुणाच्या काही कामाचं नसतं.

माझ्या धंद्यातही याच जातीचं गद्य लिहिलं जातं. त्याला डेप्रिकेशन वॉर्निंग म्हणतात. तुम्ही एखादी सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिता, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावं असं तयार कोड. शेकडो लोक त्यातली फंक्शन्स वापरतात. मग कधीतरी एखादं फंक्शन तुम्हाला काढून टाकायचं असतं, कारण नाव चुकलेलं असतं किंवा त्यापेक्षा बरं काही सापडलेलं असतं. एकदम काढलं तर लोकांचे प्रोग्रॅम बंद पडतील, म्हणून आधी काही आवृत्त्या ते तसंच चालू ठेवायचं, पण वापरलं की एक वाक्य छापायचं. हे जुनं झालंय, लवकरच जाईल, त्याऐवजी ते वापरा. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘प्रार्थना करून दूर सारणं’ असा आहे. संकट येऊ नये म्हणून हात जोडणं. आम्ही हात कुणापुढे जोडतो आणि त्याला ते दिसतात का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक चांगला नमुना. नम्पाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी. डेटाचं काम करणारा जवळपास प्रत्येक जण ती वापरतो. तिच्यात ‘एनपी डॉट इंट’ असं एक नाव होतं, जे प्रत्यक्षात पायथनच्या साध्या ‘इंट’चंच दुसरं नाव होतं. लोकांना वाटायचं ही काहीतरी खास नम्पायची गोष्ट आहे. जानेवारी २०२१ मध्ये १.२० आवृत्तीत त्यावर वॉर्निंग लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये १.२४ आवृत्तीत ते नाव गेलं. त्या वॉर्निंगचा मजकूर कधीतरी सावकाश वाचून बघा. हे टोपणनाव आहे, साधं ‘इंट’ लिहा, तसं केल्याने तुमच्या प्रोग्रॅमचं वागणं बदलणार नाही, आणि तुम्हाला खरोखर नम्पायचाच प्रकार हवा असेल तर तो असा लिहा. तिसऱ्या मजल्याचा विचार इथेही आहे: घाबरलेल्या माणसाला आधी ‘काही बिघडणार नाही’ हे सांगितलंय. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे नाव काढून टाकल्यावरही, १.२४ मध्ये ते वापरलं तर येणारा एररसुद्धा नुसता ‘असं काही नाही’ म्हणून थांबत नाही, जुना खुलासा पुन्हा सांगतो. दुकान हललं तरी जुन्या शटरवर नवा पत्ता चिकटवलेला. (पुढे २०२४ मध्ये २.० आवृत्तीत ‘एनपी डॉट बूल’ हे नाव वेगळ्या अर्थाने परत आलं, ते सोडा. गेलेली माणसं कधीकधी वेगळी होऊन परत येतात.)

जावाचं उदाहरण उलट टोकाचं. जावात ‘डेप्रिकेटेड’ ही खूण १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून आहे. ‘डेट’ या क्लासमधली कितीतरी फंक्शन्स तेव्हाच डेप्रिकेट झाली आणि ती आजही तिथे आहेत, सुखरूप. ‘थ्रेड डॉट स्टॉप’ १९९८ मध्ये धोकादायक म्हणून डेप्रिकेट झालं आणि प्रत्यक्षात निकामी केलं गेलं ते मार्च २०२३ मध्ये, जावा २० मध्ये. पंचवीस वर्षं. ‘थांब, बाबांना सांगते’ असं आई रोज म्हणते आणि बाबा कधीच येत नाहीत, तेव्हा मूल जे शिकतं तेच जावाच्या दोन पिढ्या शिकल्या. कॉलेजच्या लॅबमध्ये त्या शब्दांवरची आडवी रेघ आम्हाला सजावट वाटायची. शेवटी २०१७ मध्ये जावा ९ मध्ये वेगळी खूण आणावी लागली, ‘हे खरंच काढणार आहोत’ अशा अर्थाची. एखाद्या भाषेला ‘खरंच’ हा शब्द वेगळा घालावा लागतो, तेव्हा आधीच्या सगळ्या वाक्यांचं काय झालेलं असतं ते कळतं.

जँगोवाल्यांनी यावर साधा उपाय केला. त्यांच्या वॉर्निंगच्या नावातच आवृत्ती असते: अमुक आवृत्तीत काढलं जाणार. तारीख मजकुरात नाही, नावातच.

आता थोडं विषयांतर, पण ते करायलाच हवं. आपल्या भाषेतही एकदा मोठं डेप्रिकेशन झालं. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात ४ वाढले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नाहीं, कांही, तें, केलें यांच्या डोक्यावरचे ठिपके एका निर्णयाने उतरले. माहिती थोडी गेलीच: ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष आणि ‘तें’ म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तू, हा फरक डोळ्यांना दिसायचा, तो आता संदर्भावर सोडावा लागतो. माझी आजी शेवटपर्यंत पत्रात ‘कांहीं’ लिहायची. तिला कुणी एरर दिला नाही. वाचणारा माणूस असला की जुनी आवृत्तीही चालते.

या नियमांतला मला सर्वांत आवडणारा नियम मात्र अनुस्वाराचा नाही. तो जुन्या मजकुराचा आहे. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापायचं असेल तर मूळ होतं तसं छापा; या दोघांपासून पुढचं सगळं नव्या नियमांनी छापा. शाळेत हा नियम कुणी शिकवत नाही, कारण त्यावर मार्क नाहीत. लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाला मात्र तो वाचताना बरं वाटतं. रेघ कुठे आहे हे स्पष्ट आहे. रेघेच्या अलीकडच्या मजकुराची जबाबदारी कुणाची आणि पलीकडच्याला हात लावायचा नाही, हेही ठरलेलं आहे. रेघ सनावर न मारता दोन माणसांवर मारली, हे तर्काला धरून आहे की नाही यावर वाद घालता येईल. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या नव्या वेशात छापल्या जातात आणि त्यांचा काळ डोळ्यांना दिसत नाही, ही तक्रारही खरी आहे. पण आमच्या धंद्यात अशी एक रेघ मारायला लोक तीन-तीन मीटिंगा घेतात आणि शेवटी ‘भविष्यात केव्हातरी’ असं लिहितात.

भाषेतलं दुसरं प्रकरण यंत्राचं आहे, आणि तिथे आजीची सवलत नाही. दर्या आणि दऱ्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा, गुरू आणि स्वयंपाकी. हा आडवा अर्धा र मराठीला लागतोच. युनिकोडमध्ये तो आज ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात. पण युनिकोडच्या २.० आवृत्तीच्या काळातली पद्धत वेगळी होती: साधा र, मग हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर. जुना मजकूर मोडू नये म्हणून ती पद्धतही चालू ठेवली आहे. युनिकोड एकदा दिलेलं अक्षर कधीच काढत नाही. फार तर ‘वापरू नका’ म्हणतो. त्यामुळे ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो, स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात आणि यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. कुऱ्हाडे, बोऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावाच्या लोकांना हे कुणी सांगत नाही. त्यांना फक्त ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ एवढंच दिसतं.

आता परत पायथनकडे, कारण माझी गोष्ट तिथली आहे.

पायथनने या गद्याच्या वाचकाबद्दल दोनदा मत बदललं. आधी डेप्रिकेशन वॉर्निंग सगळ्यांना दिसायची. मग लक्षात आलं की प्रोग्रॅम नुसता वापरणाऱ्या माणसाला ती दिसून उपयोग काय, त्याच्या हातात कोड नाही. म्हणून २०१० मध्ये, २.७ आवृत्तीत, ती मुळातच लपवली, ३.२ मध्येही तेच. आता ती कुणालाच दिसेना. नोटीस छापायची आणि कपाटात ठेवायची, असा प्रकार. २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत मधला मार्ग काढला: ज्या फाइलमधून प्रोग्रॅम थेट सुरू केला, तिच्या नावावर वॉर्निंग निघाली असेल तर दाखवा, बाकी लपवा. टेस्ट चालवताना मात्र पायटेस्टसारखी साधनं सगळंच दाखवतात. तत्त्व चांगलं आहे: ज्याने कोड लिहिलं त्यालाच सांगा. पांडाससारख्या लायब्ररीने हे सगळं टाळून दुसरीच, कायम दिसणारी ‘फ्यूचर वॉर्निंग’ वापरायला घेतली. ‘लपणार असाल तर आम्ही दुसरा भोंगा आणतो.’ मला ते अतिरेकी वाटायचं. आता वाटत नाही.

या सगळ्यात कळीचा शब्द आहे ‘नावावर’. वॉर्निंग कुणाच्या नावावर निघते? पायथनमध्ये वॉर्निंग देताना स्टॅकलेव्हल नावाचा एक आकडा देता येतो. काहीच दिलं नाही तर तो १ असतो आणि वॉर्निंग ज्या ओळीत लिहिली त्या ओळीच्या नावावर निघते, म्हणजे लायब्ररीच्या स्वतःच्या. २ दिला तर एक पायरी मागे जाऊन, ज्याने ते फंक्शन बोलावलं त्याच्या फाइलच्या नावावर निघते. ‘गेटसमोर गाडी लावू नये’ ही पाटी गेटवर लावायची की आपल्या दिवाणखान्यात, एवढाच फरक. पुण्यात कुणी ती दिवाणखान्यात लावत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सर्रास लावतात.

आणि तरी टेस्ट पास होते. मला ज्यावर टीका करायची आहे ती जागा ही. डेप्रिकेशन वॉर्निंगची टेस्ट लिहायची रूढ पद्धत अशी: फंक्शन बोलवा, वॉर्निंग निघाली का बघा, मजकुरात अमुक शब्द आहे का बघा. हिरवी टिक. पायटेस्टमध्ये हे दोन ओळींत होतं आणि म्हणूनच सगळे तेवढंच करतात. पण टेस्ट चालताना वॉर्निंग पकडणारं साधन सगळे पडदे उघडून बसलेलं असतं. खऱ्या जगात वॉर्निंग गिळणारा गाळण तिथे नसतो. म्हणजे ही टेस्ट एवढंच सिद्ध करते की आपण बोललो. संपादकाने अंक छापखान्यातून बाहेर पडल्याची खात्री करावी आणि वर्गणीदारांचे पत्ते कधीच तपासू नयेत, तसं. पकडलेल्या वॉर्निंगबरोबर तिच्या फाइलचं नावही मिळतं; ते टेस्टच्याच फाइलचं आहे का हे एका ओळीत तपासता येतं. पायथनच्या स्वतःच्या युनिटटेस्टमध्येही ती सोय आहे. पण मी जेवढं कोड वाचलंय त्यात ही ओळ क्वचित दिसते. मीही लिहिली नव्हती.

आमच्या आधीच्या कंपनीत, बाणेरच्या ऑफिसात, एक घरगुती लायब्ररी होती. देवनागरी नावं साफ करणारी. तिच्यातलं एक फंक्शन वर सांगितलेल्या दोन प्रकारच्या ऱ् ना एक करायचं. पहिल्या नोकरीतल्या उत्साहाने मी त्याच्या जागी नवं फंक्शन लिहिलं, जुन्यावर वॉर्निंग लावली, वॉर्निंगची टेस्ट लिहिली. मजकूर मी दोनदा सुधारला होता. नवं नाव, उदाहरण, काढायची आवृत्ती, सगळं होतं. रिव्ह्यूमध्ये कौतुक झालं. वर्षभर टेस्ट हिरवी राहिली. मग ठरल्याप्रमाणे जुनं फंक्शन काढलं.

दुसऱ्या टीममध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ होते, कंत्राटावर. त्यांची एक स्क्रिप्ट रोज रात्री चालायची. शिष्यवृत्तीच्या अर्जातलं नाव आणि बँकखात्यावरचं नाव जुळवायची, जुळलं की अर्ज पुढे. एकाच फाइलची, थेट चालणारी. तिच्यात वर एक पळवाट होती: आमची लायब्ररी मिळाली नाही तर नाव आहे तसंच वापरा. त्यांच्या लॅपटॉपवर लायब्ररी नव्हती तेव्हाची सोय. फंक्शन गेल्यावर स्क्रिप्ट बंद पडली नाही. ती मुकाट्याने पळवाटेने गेली. बहुतेक नावं जुळत राहिली. ज्यांच्या नावात ऱ् होता आणि अर्ज एका कीबोर्डवर, खातं दुसऱ्यावर टाइप झालं होतं, तेवढे अर्ज अडकले. दोन आठवड्यांनी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला तेव्हा कळलं. हप्ता भरायची कॉलेजची तारीख तोवर गेली होती.

मीटिंगमध्ये विचारलं गेलं, ‘वॉर्निंग होती ना?’ मी म्हणालो, होती, टेस्टही आहे. टेस्ट स्क्रीनवर दाखवली. ते गृहस्थ म्हणाले, मला कधी दिसली नाही. कुणीतरी हसून म्हणालं, लॉग बघत नसाल. नोंदीत लिहिलं गेलं: इशारा दिला होता, संबंधित टीमने कार्यवाही केली नाही.

त्या रात्री मी जुनं कोड उघडलं. स्टॅकलेव्हल दिलाच नव्हता. म्हणजे १. वॉर्निंग आमच्याच फाइलच्या नावावर निघत होती आणि पायथन ती नियमाप्रमाणे गिळत होता. स्क्रिप्ट थेट चालत होती, त्यामुळे मी २ लिहिलं असतं तर ते वाक्य वर्षभर रोज रात्री त्यांच्या लॉगमध्ये, त्यांच्या फाइलच्या नावासकट उमटलं असतं. मी दोनदा सुधारलेलं ते वाक्य टेस्टच्या बाहेर एकाही माणसाने वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या लीडला सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या वेळी लक्षात ठेव, आणि विषय बदलला. दोन महिन्यांनी त्या गृहस्थांचं कंत्राट संपलं, वाढलं नाही. यामुळेच, असं मी म्हणू शकत नाही; त्या तिमाहीत बरीच कंत्राटं वाढली नाहीत. मी त्यांना फोन केला तेव्हा ते गावी होते. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अरे, ती पळवाट तर माझीच होती ना.’ आणि मग विचारलं, ‘त्या मुलीचं काय झालं रे?’ मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

कंपनी सोडायच्या आदल्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. लायब्ररीतल्या वॉर्निंगच्या प्रत्येक टेस्टमध्ये फाइलचं नाव तपासणारी ओळ घातली. अकरापैकी सात टेस्ट लगेच लाल झाल्या. आणि मीटिंगची ती जुनी नोंद उघडून ‘इशारा दिला होता’च्या खाली कमेंट लिहिली, की इशारा लायब्ररीने स्वतःलाच दिला होता, चूक माझी. कमेंट कुणी वाचली का हे कळायला मार्ग नाही. नोटिफिकेशन नोंद लिहिणाऱ्याला जातं, आणि तो माणूस तोवर कंपनी सोडून गेला होता.